टँकर परत आला त्यानंतर: गोदाकाठच्या एका गोठ्यातील प्रतिजैविक वापराचा प्रकरण अभ्यास

निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठाने असलेल्या गावांना इकडे सरसकट गोदाकाठ म्हणतात. चांदोरी, सायखेडा, करंजगाव हा तो पट्टा. काळी जमीन, ऊस, द्राक्ष, कांदा आणि बहुतेक वस्त्यांवर चार-सहा तरी संकरित गायी. या पट्ट्यातल्या एका दूध संकलन केंद्राचा टँकर ऐन श्रावणात डेअरीच्या गेटवरून परत आला. फॅट बरोबर, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) बरोबर, पाणी नाही, युरिया नाही. तपासणीच्या पट्टीवर प्रतिजैविक, म्हणजे अँटिबायोटिक, निघालं.

केंद्रचालकाने पहिला फोन डेअरीतल्या ओळखीच्या माणसाला केला, दुसरा मला. मी या भागात जनावरांचा डॉक्टर आहे आणि केंद्राला दूध घालणारे बरेच गोठे माझ्याकडे असतात. पुढची हकिकत त्यातल्या एका गोठ्याची. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव गाळलं आहे आणि शेजारच्या एक-दोन गोठ्यांतले तपशील यात मिसळले आहेत.

सुरुवातीला केंद्रावर जमलेल्या लोकांचं म्हणणं एकच होतं: एवढ्या दुधात एखाद्याचं थोडं खराब गेलं तर काय फरक पडतो? हा हिशोब मी तिथल्याच पावतीपुस्तकाच्या मागे मांडून दाखवला. दुधात पेनिसिलीनची कमाल मर्यादा कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकानुसार लिटरला ४ मायक्रोग्रॅम आहे. टँकर दहा हजार लिटरचा धरला तर ती मर्यादा गाठायला सगळं मिळून ४० मिलिग्रॅम पेनिसिलीन पुरतं. एक लाख युनिट पेनिसिलीन म्हणजे साधारण ६० मिलिग्रॅम. सडात सोडायच्या एका ट्यूबमध्ये एवढं औषध सहज असतं आणि टोचायच्या बाटलीत त्याच्या कितीतरी पट. ते सगळंच्या सगळं दुधात उतरत नाही हे खरं, पण एका गायीचं दूध अख्खा टँकर घालवू शकतं हे पटायला तेवढं पुरे होतं. उकळल्याने किंवा पाश्चराइज केल्यानेही हे अंश नीटसे जात नाहीत.

माग

फॅट काढण्यासाठी केंद्रावर प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घेतातच. त्या सकाळचे नमुने अजून फेकलेले नव्हते. आठ-दहा नमुने एकत्र करून पट्टी लावली, ज्या गटात औषध निघालं तो फोडला आणि तासा-दीड तासात एका नावापर्यंत पोचलो. पट्टीवर चाचणीची रेघ नियंत्रण रेघेपेक्षा फिकट पडली की नमुना दोषी. त्या नमुन्यात ती रेघ जवळजवळ दिसतच नव्हती.

गोठा एका द्राक्ष बागायतदाराचा. गावात त्यांना सगळे आण्णा म्हणतात. दीड एकर बाग, थोडा ऊस, नऊ दुभत्या गायी. बहुतेक एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) संकर, काही लोणी गावच्या जनावरांच्या बाजारातून आणलेल्या. धारा काढण्याचं काम वहिनींकडे, मदतीला थोरला मुलगा आणि जोडीला एक मिल्किंग मशीन.

वहिनींना टँकरचं कळलं होतं. मी गोठ्यात पाय ठेवल्या ठेवल्या त्या म्हणाल्या, "डॉक्टर, आमचं नाव कसं निघालं ओ? मी तर दूध फेकते. त्या सडाचा थेंब कॅनमध्ये जात नाही."

आणि ते खरं होतं. कडेच्या गायीचा मागचा डावा सड आठवड्याभरापूर्वी सुजला होता. पहिल्या धारेत गाठी, मग पिवळसर पाणी. इकडे याला दगडी म्हणतात, पुस्तकात कासदाह. त्या सडाचं दूध वहिनी वेगळ्या तांब्यात काढून गटारीला ओतत होत्या. बाकीच्या तीन सडांचं कॅनमध्ये. त्यांच्या दृष्टीने आजार एका सडाला, औषध त्या सडासाठी, मग फेकायचंही तेवढंच.

पण इंजेक्शन शिरेतून दिलं होतं. शिरेतलं औषध रक्ताबरोबर सगळ्या कासेत जातं आणि चारही सडांतून उतरतं. ट्यूब एकाच सडात सोडली तरी थोडा अंश रक्तावाटे दुसऱ्या सडांत जातोच, म्हणून लेबलवर दिलेला दूध न वापरण्याचा काळ संपेपर्यंत पूर्ण गायीचं दूध बाजूला काढायचं असतं. हे सांगितल्यावर वहिनी गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "म्हणूनच का चार दिवस दही लागत नव्हतं? मला वाटलं हवा पावसाळी आहे."

घरचं दूध त्याच कॅनमधून ठेवलं जात होतं. विरजणातले जिवाणू पेनिसिलीन गटातल्या औषधांना फार लवकर बळी पडतात आणि या गायीला टोचलेलं सेफट्रायॅक्सोन त्याच जातकुळीतलं. डेअरीच्या पट्टीच्या कितीतरी आधी वहिनींच्या भांड्यातल्या विरजणाने निकाल दिला होता. तेव्हापासून कुठल्याही गोठ्यात मी दह्याची चौकशी आवर्जून करतो. पट्टी महाग पडते आणि केंद्रावर असते. दही रोज घरात असतं.

अशा प्रकरणांत लोक लगेच भेसळखोर, लबाड असे शब्द वापरतात. या गोठ्यात लबाडी नव्हती. अर्धी माहिती होती आणि तीवर प्रामाणिकपणे अंमल चालला होता.

औषध कोणी दिलं

गावात कृत्रिम रेतन करणारा एक तरुण आहे. रात्री नऊला गाय तडफडायला लागली तर येतो तो. त्याने दोन संध्याकाळी सेफट्रायॅक्सोन दिलं, सूज उतरली, तिसऱ्या दिवशी थांबवलं. चिठ्ठी नाही, नोंद नाही. रिकामी बाटली खिडकीत होती, तिच्यावर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये ही सूचना स्पष्ट छापलेली.

प्रतिजैविक लिहून देण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. पण त्या पोराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून प्रकरण मिटवणं मला पटलं नाही. सरकारी दवाखाना लांब आहे, रात्री डॉक्टर मिळेलच असं नाही आणि गायवाल्याला रात्र काढायची असते. शिवाय मागणीच "डॉक्टर, जरा जोराचं द्या" अशी असते. हलकं औषध दिलं तर पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतात. हे दडपण माझ्यावरही असतं, त्याच्यावर तर जास्तच.

जोराचं म्हणजे काय, यावर आण्णांशी बरंच बोलणं झालं. बाटली हातात घेऊन ते म्हणाले, "अहो, आमच्या पोराला टायफॉईड झाला तेव्हा सलाईनमधून हेच दिलं होतं की."

हेच तर मला हवं होतं. सेफट्रायॅक्सोन तिसऱ्या पिढीतलं सेफॅलोस्पोरिन आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तिसऱ्या-चौथ्या पिढीतली सेफॅलोस्पोरिन, एन्रोफ्लॉक्सासिनसारखी क्विनोलोन आणि कोलिस्टिन ही औषधं माणसाच्या उपचारासाठी सर्वोच्च प्राधान्याची मानली आहेत, म्हणजे जनावरांत शक्यतो हात न लावण्याची. कोलिस्टिन आपल्याकडे अन्न देणाऱ्या जनावरांसाठी, कोंबड्यांसाठी आणि खाद्यासाठी जुलै २०१९ मध्ये बंदच झालं. सेफट्रायॅक्सोनवर तशी बंदी नाही, त्यामुळे ते आमच्या पट्ट्यात ताप, दगडी, वार अडकणं, लंगडणं अशा कशालाही पहिल्याच फटक्यात टोचलं जातं. जिवाणूंना त्याची ओळख गोठ्यातच होते. मग त्याच जिवाणूंचा औषधाला न जुमानण्याचा गुण शेणातून, हातातून, पाण्यातून माणसांत येतो. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख मृत्यू थेट औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे झाले असा अंदाज आहे. त्यात गोठ्यांचा वाटा नेमका किती, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पोराच्या सलाईनमधलं औषध आणि गायीच्या मानेत टोचलेलं औषध एकच आहे, हे आण्णांना त्या बाटलीने जेवढं समजलं तेवढं माझ्या भाषणाने समजलं नसतं.

राष्ट्रीय पातळीवरच्या २०१८ च्या दूध सर्वेक्षणात ६,४३२ नमुन्यांपैकी ७७ मध्ये प्रतिजैविकांचे अंश मर्यादेबाहेर होते, म्हणजे १.२ टक्के. हा आकडा कोणी दिलासा म्हणूनही वाचेल. माझं म्हणणं असं की दुधातला अंश ही दिसणारी बाजू आहे. दूध व्यवस्थित फेकूनही औषध वाट्टेल तसं वापरता येतं आणि ते कुठल्याच पट्टीवर उमटत नाही.

बागेची वही, गोठ्याची भिंत

आण्णांच्या घरात एक गोष्ट पाहून मी चकित झालो. बागेची वही. फवारणीची तारीख, औषध, प्रमाण, पाण्याचा अंदाज, काढणीपूर्व किती दिवस थांबायचं, सगळं सुवाच्य. नाशिकच्या द्राक्षवाल्याला हे शिकवायला लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट (सीसीसी) या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे युरोपात आपली द्राक्षं अडकली आणि त्या एका हंगामाने इथल्या बागायतदाराला जे शिकवलं ते शंभर शिबिरांनी शिकवलं नसतं. सीसीसी म्हटलं तरी जुनी माणसं अजून कपाळाला हात लावतात.

त्याच घरातल्या गोठ्यात मात्र कोणत्या गायीला केव्हा काय टोचलं याची एक ओळ नव्हती. मी आण्णांना विचारलं, बागेत फवारल्यावर घड दुसऱ्या दिवशी काढता का? ते हसले. मग गायीला टोचल्यावर संध्याकाळी दूध कसं घालता?

दुधाच्या बाबतीतही नियम आहे. जानेवारी २०१२ पासून, अन्न देणाऱ्या जनावरांच्या औषधांच्या लेबलवर दूध, अंडी, मांस किती दिवस वापरायचं नाही ते छापणं बंधनकारक आहे. विशिष्ट काळ ठरवलेला नसेल तर दूध आणि अंड्यांसाठी किमान ७ दिवस, मांसासाठी किमान २८ दिवस. आण्णांना द्राक्षाचे दिवस पाठ होते. गायीच्या औषधालाही दिवस असतात हे त्यांनी पहिल्यांदा ऐकलं. औषध देणाऱ्याने सांगितलं नव्हतं, विकणाऱ्याने सांगितलं नव्हतं आणि बाटलीवरची अक्षरं भिंगाशिवाय वाचता येणार नाहीत इतकी बारीक.

मग वहिनींनी खरा प्रश्न विचारला. ती गाय दिवसाला चौदा लिटर देते. सात दिवस फेकलं तर अठ्ठ्याण्णव लिटर. लिटरला ३० रुपये धरले तर २,९४० रुपये. "इंजेक्शनचं मी समजू शकते, पण एवढे पैसे गटारीत ओतायचे?"

या प्रकरणाचं मूळ मला इथे सापडलं. औषध स्वस्त आहे, फेकायचं दूध महाग आहे. औषधाची किंमत बाटलीवर असते, दुधाची कुठेच लिहिलेली नसते. म्हणून जोराचं इंजेक्शन हा स्वस्त उपाय वाटतो. फेकलेलं दूध धरून हिशोब मांडला की तोच उपाय गोठ्यातला सगळ्यात महाग ठरतो आणि सडाला लावायचं आयोडीन, मशीनचं रबर, कोरडी जागा हे सगळं एकाएकी स्वस्त दिसायला लागतं. प्रतिजैविकं जपून वापरा असं सांगताना आपण बहुतेक वेळा जगाच्या आरोग्याची भाषा बोलतो. वहिनींशी २,९४० रुपयांची भाषा बोलावी लागली आणि तिचा परिणाम पहिल्या दिवसापासून झाला.

गोठ्यात काय चुकत होतं

सगळ्या गायींची सीएमटी, म्हणजे कासदाह ओळखायची कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, केली. चार खळग्यांचा प्लॅस्टिकचा हातपाळा, प्रत्येक खळग्यात एका सडाचं दूध आणि तेवढंच द्रावण, मग गोल फिरवायचं. निरोगी दूध पाण्यासारखं फिरतं. कासेत आजार असेल तर जेलीसारखं घट्ट होतं आणि पाळ्याच्या तळाला चिकटतं. वरून ठणठणीत दिसणाऱ्या गायींपैकी निम्म्याहून जास्त गायींचा एखाददुसरा सड असा लागला. थोरला मुलगा पाळा हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसला होता. "हिला तर काहीच झालं नाही," तो म्हणत होता. सुप्त कासदाह असाच असतो. दूध दोन-तीन लिटरने घटतं, फॅट हलतं आणि आपण पेंडीला दोष देतो.

मग संध्याकाळच्या धारेला मी मुद्दाम थांबलो. एक बादली, एक फडकं, नऊ गायी. दुसऱ्या गायीपर्यंत पाणी गढूळ, पाचवीपर्यंत काळपट. दगडी झालेली गाय दारात असल्याने तिची धार पहिली. मशीनचे लायनर, म्हणजे सडावर बसणाऱ्या नळ्या, केव्हा बदलले ते कोणालाच आठवेना. रबराचे लायनर साधारण २,५०० धारांनंतर बदलावेत असं सांगतात. यांचे आतून तडकलेले होते आणि त्या तडांत दुधाचा थर साचलेला.

सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच होती. धार झाली की गव्हाणीत काही नसायचं. चारा आधीच टाकून झालेला असायचा, कारण अंधार पडायच्या आत सगळं आवरायचं. गोदाकाठच्या उसात बिबट्या आहे. वासरं, कुत्री उचलून नेण्याचे प्रकार इकडे नवे नाहीत, त्यामुळे दिवेलागणीला बाया-माणसं गोठ्यात थांबायला तयार नसतात. मग धार संपताच गाय ओल्या शेणात बसते. धारेनंतर सडाचं तोंड पुरतं मिटायला अर्धा तास तरी लागतो, नेमका तेवढाच वेळ ते चिखलात असतं. बिबट्यामुळे दगडी होते असं कोणी म्हटलं तर हसाल, पण या गोठ्यात ते बऱ्याच अंशी खरं होतं.

उपाय साधा निघाला. गोठ्याच्या उसाकडच्या बाजूला जाळी आणि एक दिवा आला. कोरड्या चाऱ्याचा शेवटचा हप्ता धारेनंतरसाठी राखून ठेवला. गाय खायला उभी राहते, तेवढ्यात सड मिटतो. धारेच्या क्रमात निरोगी गायी आधी, सीएमटीला लागलेल्या नंतर, औषधावरची सगळ्यात शेवटी. फडक्याऐवजी प्रत्येक गायीला वेगळा कागद. धारेनंतर प्रत्येक सड आयोडीनच्या कपात बुडवायचा. या शेवटच्या गोष्टीला थोरला मुलगा पंधरा दिवसांत कंटाळला आणि ते काम परत वहिनींकडे आलं.

औषध द्यायचं की नाही

केंद्राने एका संध्याकाळी बैठक घेतली. मी अट घातली होती की रेतन करणाऱ्या तरुणालाही बोलवायचं. रात्री पहिला तोच पोचणार असेल तर ठरवायचंही त्याच्यासमोर.

ठरलं ते असं. पहिल्या चार धारा काळ्या फरशीवर काढायच्या, फोटो मला पाठवायचा. दुधात नुसत्या बारीक गाठी आहेत, कास मऊ आहे, गाय खाते आहे, ताप नाही, तर रात्री प्रतिजैविक नाही. दोन-तीन तासांनी सड मोकळा करत राहायचं, लेप लावायचा, औषधाच्या आधीच स्वच्छ बाटलीत दुधाचा नमुना घेऊन फ्रिजमध्ये ठेवायचा. कास कडक आहे पण गाय खाते आहे, तर सकाळी लवकर मी येणार. गाय खात नाही, डोळे खोल गेलेत, कान गार पडलेत, बसून उठत नाही, तर क्षणभर थांबायचं नाही. अशा गायीला औषध, सलाईन सगळं लागतं आणि ती रात्रीतून जाऊ शकते. हे मी तिथे दोनदा सांगितलं. जपून वापरा याचा अर्थ "देऊच नका" असा घेणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या गायी मेलेल्याही पाहिल्या आहेत.

लेप म्हणजे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ सांगतं तो: कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, खायचा चुना १५ ग्रॅम. हळदीत चुना पडला की तो कुंकवासारखा लाल होतो. थोडा थोडा पाण्याने सैल करून दिवसातून आठ-दहा वेळा पाच दिवस लावायचा. तेवढ्या वेळा लावणारं घरात कोणी नसेल तर त्याच्या भरवशावर राहू नये. माझं मत विचाराल तर सौम्य दगडीत मी तो सुचवतो आणि गायीवर लक्ष ठेवतो. आजारी पडून बसलेल्या गायीला लेप फासत बसणं मला मान्य नाही.

तिवा, म्हणजे तीन दिवसांचा ताप, आणि लम्पी हे विषाणूचे आजार. तिव्यात प्रतिजैविकाचा उपयोग नाही, पण ताप आला की सेफट्रायॅक्सोन हे समीकरण गावात इतकं पक्कं आहे की तीन दिवसांनी गाय आपोआप उठते आणि श्रेय इंजेक्शनला जातं. तिथे मेलॉक्सिकॅम हे ताप-वेदनेचं औषध आणि आराम पुरतो. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक, मेलेली जनावरं खाणारी गिधाडं त्याने मरतात म्हणून, २००६ मध्ये जनावरांसाठी बंद झालं तेव्हा जनावरांचे हाल होतील अशी ओरड झाली होती. मेलॉक्सिकॅमवर आमचं काम व्यवस्थित चाललं आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालात आण्णांच्या काही गायींत स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू निघाला, एकीत ई. कोलाय. ई. कोलायच्या सौम्य दगडीत गाय बऱ्याचदा स्वतःच जिवाणू बाहेर काढते. तिला औषध दिलं नाही, ती सुधारली. स्टॅफिलोकॉकसच्या दोन गायींना अहवालात जे साधं, जुनं औषध लागू पडत होतं तेच पूर्ण मुदतीचं दिलं. एक सावरली. दुसरी, लोणीहून आणलेली मोठी एचएफ, तिचा सड आतून दोरीसारखा कडक झालेला. प्रत्येक वेतात तिला इंजेक्शनं होत आली होती. तिच्यावर आणखी औषध घालू नये असं मी स्पष्ट सांगितलं. तो सड कायमचा आटवून तीन सडांवर तिला ठेवायचं ठरलं.

परदेशी पुस्तकं अशा वेळी गाय कळपातून काढा म्हणतात. महाराष्ट्रात गायीची कत्तल १९७६ च्या कायद्याने बंद आहे, बैल आणि वळूही २०१५ पासून त्यात आले. म्हणजे काढायची तर बाजारात विकायची, आणि मग तो जिवाणू गायीसकट दुसऱ्याच्या गोठ्यात जातो. आण्णांची ती गाय तशीच तर आली होती. खरेदीच्या वेळी बाजारातच सीएमटी करून घ्या, हा सल्ला मी आता प्रत्येकाला देतो. व्यापारी नाक मुरडतात.

सांगणाऱ्याला दंड नाही

केंद्राचा पहिला विचार दंडाचा होता. ज्याच्या दुधात अंश निघेल त्याचं दूध महिनाभर बंद. मी विरोध केला. दंड आला की लोक लपवतात. औषधावरच्या गायीचं दूध दुसऱ्या गायींच्या दुधात आणखी पातळ करून घालतात किंवा केंद्रावर न आणता रस्त्यावरच्या चहाच्या टपरीला देतात. टपरीवर पट्टी नसते. पट्टी आल्यामुळे टँकर स्वच्छ झाला आणि चहा बिघडला, तर आपण मिळवलं काय?

वाद बराच रंगला. शेवटी उलटा नियम झाला. जो आधी सांगेल त्याला काही नाही. "अमुक गाय औषधावर, अमुक तारखेपर्यंत दूध नाही" एवढं केंद्राच्या फळ्यावर लिहायचं. जो न सांगता घालेल आणि पट्टीवर सापडेल, त्याने त्या फेरीचं नुकसान भरायचं. गायीच्या मागच्या दोन्ही पायांना लाल पट्टी बांधायची, म्हणजे वहिनी गावाला गेल्या आणि धार दुसऱ्याने काढली तरी चूक होणार नाही. घरात भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा हिशोब लिहितातच, त्याच चौकटीत लाल पेनाने औषधाचं नाव आणि दूध सुरू करायची तारीख. वेगळी वही नको असं आण्णांनीच सांगितलं. बागेच्या वहीमागे निर्यातीचे पैसे असतात, गोठ्याची वही कोणी भरणार नाही.

पहिले काही दिवस फळा कोराच राहिला. गावासमोर आपली गाय आजारी आहे हे लिहायला कोणी तयार नाही. आण्णांनी पहिली ओळ लिहिली. टँकर त्यांच्याच दुधाने गेला हे सगळ्यांना माहीत होतं, त्यांना लपवायला काही उरलं नव्हतं. त्यानंतर बाकीचे लिहायला लागले.

बाजूला काढलेल्या दुधाचं काय करायचं, यावर गोंधळ झाला. सगळ्यांचं पहिलं उत्तर: वासरांना पाजू. तेच करायचं नाही. वासराच्या पोटात औषधाचा थोडा थोडा अंश गेला की तिथल्याच जिवाणूंना त्याची सवय होते. विहिरीपासून लांब, शेणखड्ड्यात ओतायचं आणि ते खत पूर्ण कुजल्याशिवाय बागेत टाकायचं नाही.

जे सुटलं नाही

उरलेल्या पावसाळ्यात केंद्राचा टँकर प्रतिजैविकामुळे परत आला नाही. एक जण मात्र पट्टीवर सापडला आणि त्याने नुकसान भरायला नकार दिला. वाद अजून चालू आहे. टपरीला दूध जातंय अशी कुणकुण दोन गोठ्यांबद्दल आहे, सिद्ध करता आलेलं नाही.

औषध दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळतंच. रेतन करणाऱ्या तरुणाने सेफट्रायॅक्सोन कमी केलं, बंद केलं नाही. त्याचं म्हणणं, "तुम्ही फोन उचलता डॉक्टर, पण पुढच्या गावचे उचलत नाहीत." यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि वहिनींचा प्रश्न तसाच आहे. फेकलेल्या दुधाचे पैसे कोणी द्यायचे? केंद्राने लिटरमागे काही पैसे बाजूला काढून एक निधी करावा, आधी सांगणाऱ्याला त्यातून निम्मी भरपाई द्यावी, असा प्रस्ताव मी मांडला. काहींनी विचारलं, मग लोक मुद्दाम गाय आजारी दाखवणार नाहीत का? दाखवतीलही. म्हणून भरपाईला पशुवैद्यकाची चिठ्ठी आणि सीएमटीची नोंद बंधनकारक करावी, असं मी सुचवलं आहे. वार्षिक सभेत तो विषय पटलावर आहे.

गोठ्यात सध्या तीन गायी आटवायला, म्हणजे पुढच्या वेताआधी दूध बंद करायला, आल्या आहेत. पूर्वी आटवताना सगळ्यांना सरसकट प्रतिजैविकाची ट्यूब सोडायचे. युरोपीय संघात जानेवारी २०२२ पासून तसं सरसकट देता येत नाही. आम्ही इथे गायीगणिक ठरवतो आहोत. दोघींची सीएमटी स्वच्छ आहे आणि या वेतात त्यांना एकदाही दगडी झाली नाही, त्यांना ट्यूब नाही, फक्त आयोडीन आणि कोरडी जागा. तिसरीचे दोन सड लागले आहेत, तिला नमुन्याचा अहवाल आल्यावर ट्यूब द्यायची आहे. आण्णांनी तिची तारीख दिनदर्शिकेत आधीच लिहून ठेवली आहे.